वचन आधीं, नियम मागून
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगीं बोलणाऱ्यानें पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडावा अशी रीत आहे. किती बाप्तिस्मे झाले, किती लग्नें लागलीं, घंटेसाठीं कोणीं किती दिलें, छपराचीं कौलें कोणत्या सालीं बदललीं, हें सर्व या स्मरणिकेच्या पुढील पानांवर आलेंच आहे, व ज्यांनीं तें परिश्रमानें जमविलें त्यांचे आम्ही ऋणी आहों. आज आम्हांला जें सांगावयाचें आहे तें या जमाखर्चाच्या मागचें आहे. हीं पन्नास वर्षें आपण कशाच्या आधारावर उभे राहिलों? आपण नियम पाळले म्हणून देवानें आपल्याला सांभाळलें, कीं देवानें दिलेला शब्द त्यानें पाळला म्हणून आपण येथें आहों? वरवर पाहतां दोन्ही गोष्टी एकच वाटतात. परंतु पहिलीवर ज्याचा भरंवसा आहे त्याची श्रद्धा एकाद्या वादळांत मोडते, व दुसरीवर ज्याचा आहे त्याची सहसा मोडत नाहीं, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे.

ज्युबिली ही कल्पनाच मुळीं नियमशास्त्रांतून आली आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत आज्ञा आहे कीं, सात वेळां सात वर्षें मोजून झालीं म्हणजे पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, रणशिंग फुंकावें, विकावी लागलेली वडिलोपार्जित जमीन मूळ घराण्याला परत मिळावी, व दारिद्र्यापायीं चाकर झालेल्यानें आपल्या घरीं परत जावें. इतका सुंदर कायदा जगांत क्वचितच झाला असेल! ज्यांच्या आजोबापणजोबांनीं खोतांच्या अमलाखालीं दिवस काढले, व ज्यांच्या वाट्याला १९४९ सालचा खोती रद्द करण्याचा कायदा यावा लागला, त्यांना या आज्ञेची गोडी निराळी सांगावयास नको. पण इस्राएल राष्ट्रानें हें पन्नासावें वर्ष खरोखर पाळल्याचा वृत्तांत जुन्या करारांत आढळत नाहीं. उलट, यिर्मयाच्या काळीं धनिकांनीं एकदां सोडलेल्या दासांना पुन्हां धरून आणल्याची हकीकत मात्र तेथें आहे. कायदा चांगला होता. पण तो पाळण्याचें बळ कायद्यांत नव्हतें. पुढें नाझरेथच्या सभास्थानांत प्रभु येशूनें यशयाचा ग्रंथ उघडला, बंदिवानांच्या सुटकेचें वर्ष वाचून दाखविलें, आणि तें आजच पूर्ण झालें असें सांगितलें. तत्पूर्वीं, सभास्थानांत बसलेल्यांपैकीं कोणीं किती नियम पाळले, याची चौकशी त्यानें केली नाहीं.

मराठींत आपण 'शब्द दिला' असें म्हणतों, तेव्हां त्याचा अर्थ वचन दिलें असा होतो. कोंकणींत 'उतर दिलें' म्हणजेहि तेंच. ही आपल्या भाषांची मोठी खूण आहे असें आम्हांस वाटतें. कागद, मुद्रांक व साक्षीदार हे मागून येतात. आधीं एका माणसानें दुसऱ्याला दिलेला शब्द असतो. देवाच्या व्यवहाराचाहि क्रम हाच आहे. आब्राहामानें हारान सोडलें तेव्हां तो पंचाहत्तर वर्षांचा होता; इसहाक जन्मला तेव्हां शंभर वर्षांचा. मधलीं पंचवीस वर्षें त्याच्या हातीं काय होतें? देऊळ नव्हतें, दहा आज्ञा नव्हत्या, शब्बाथ नव्हता. एका रात्रीं त्याला तंबूबाहेर नेऊन तारे दाखविले गेले, व त्यानें देवावर विश्वास ठेवला, इतकेंच. हें उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायांत आहे, आणि सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायांत. रोमकरांस लिहितांना संत पौल याच क्रमावर बोट ठेवतो: आब्राहाम नीतिमान् ठरला तो सुंता होण्यापूर्वीं ठरला. गलतीकरांस लिहितांना तर तो वर्षेंहि मोजून दाखवितो. वचन दिल्यानंतर चारशें तीस वर्षांनीं नियमशास्त्र आलें. मागून आलेला लेख आधींच्या करारास रद्द करूं शकत नाहीं. बापानें मुलाच्या नांवें रीतसर बक्षीसपत्र करून दिल्यावर, पुढें घरांत वागण्याची नियमावली भिंतीवर टांगली, म्हणून बक्षीसपत्र फुकट जात नाहीं. मुलानें नियमावली मोडली तर बाप रागावेल, दुःखी होईल; परंतु मूल तें मूलच.

येथें कोणी असें समजूं नये कीं आम्ही नियमाला हलका लेखतों. तसें लेखणें यहुदी लोकांवरहि अन्याय होईल, आणि त्या लोकांशीं आपल्या कोंकणपट्टीचा संबंध फार जुना आहे. अलिबागेच्या आसपासच्या गांवांतून बेने इस्राएल लोक शतकानुशतकें राहिले. त्यांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज नौगांवच्या किनाऱ्यापाशीं गलबत फुटून आले, व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढीं वांचलीं. धर्मग्रंथ जवळ राहिले नाहींत, भाषा मराठी झाली, धंदा तेलाच्या घाण्याचा धरला. तरी शनिवारीं घाणा जुंपावयाचा नाहीं हा नियम त्यांनीं सोडला नाहीं, व शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणूं लागले. त्या नियमानें एक समाज जिवंत राखला. १९४८ नंतर त्यांच्यांतील बहुसंख्य कुटुंबें इस्राएल देशांत जाऊन राहिलीं. पण त्यांच्या घरच्या मलिद्याच्या विधींत ज्याचें स्मरण होतें तो एलिया संदेष्टा, म्हणजे यावयाच्या तारणाची वार्ता घेऊन येणारा. नियम पाळणाऱ्या त्या घरांतहि मध्यभागीं आशाच बसलेली होती!

मालवणच्या समोर पाण्यांत उभा असलेला सिंधुदुर्ग आपण लहानपणापासून पाहतों. १६६४ सालीं कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनीं त्याचा पाया घातला. चोहोंकडे खारें पाणी, त्याला अडविणारा तो प्रचंड तट, आणि आंत दूधबाव, साखरबाव व दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. तट नसता तर विहिरी शत्रूच्या हातीं गेल्या असत्या, हें खरें. पण तटाचा दगड चाटून कोणाची तहान भागलेली नाहीं. आणि तट माणसांनीं बांधला, तसें तें पाणी कांहीं माणसांनीं निर्माण केलेलें नाहीं. नियमशास्त्र हें ख्रिस्ताकडे नेईपर्यंतचें राखणदार होतें, असें पौल म्हणतो, त्याचा अर्थ आमच्या मतें एवढाच आहे.

आतां आपल्या स्वतःच्या घराकडे येऊं. कारण या विषयाचा जो पुरावा आपल्या हातीं आहे तो केवळ पोथींतला नव्हे, तो पिढीजात आहे. मालवण, वेंगुर्लें व सावंतवाडी या टापूंतील बहुतेक कॅथॉलिक घराण्यांचें मूळ गोव्यांत आहे. आपले पूर्वज तेरेखोलची खाडी ओलांडून इकडे कां आले? दुष्काळ, रोगराई, करांचा बोजा, पोर्तुगीज-मराठ्यांच्या लढाया, अशीं कारणें अनेक होतीं, आणि प्रत्येक घराण्याचें कारण निराळें असूं शकेल. परंतु एक कारण असें आहे कीं जें महोत्सवाच्या स्मरणिकांतून सहसा छापलें जात नाहीं, व तें आज छापणें आम्हांस इष्ट वाटतें. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन हें धर्मन्यायालय स्थापन झालें. १७७४ पासून १७७८ पर्यंतचीं वर्षें सोडलीं तर तें १८१२ पर्यंत चाललें. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या अंतःकरणांत काय आहे तें तपासणें हें त्याचें मुख्य काम. अंतःकरण तर डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून तें अंगण तपासूं लागलें. १७३६ सालच्या त्याच्या जाहीरनाम्यांत ख्रिस्ती घरांतील लग्नाच्या ओव्या, सोयऱ्यांना पाठवावयाचीं विड्याचीं पानें व फुलें, दाराशीं लावलेली तुळस, मिठावांचून शिजविलेला भात, पुरुषांचें धोतर व स्त्रियांची चोळी, अशा गोष्टींना मनाई केलेली आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी बाई भातांत मीठ घालते कीं नाहीं, यावरून तिच्या विश्वासाची परीक्षा होऊं लागली! नियमावरचा भरंवसा बेफाम झाला म्हणजे कोठवर जातो, तें यांत दिसतें. ही गोष्ट आम्ही पवित्र सभेचा उणेपणा दाखविण्यासाठीं सांगत नाहीं. सत्याच्या सेवेंत जी जुलूमजबरदस्ती झाली तिच्याबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १२ मार्च २००० रोजीं रोम येथें देवाजवळ जाहीर क्षमा मागितली आहे. जें पोपमहाराजांना उच्चारतां आलें तें आपण लपवून ठेवण्याचें कारण नाहीं.

आतां पुढची गोष्ट पाहा. सावंतांच्या मुलखांत धर्मन्यायालय नव्हतें, दंड नव्हता, रविवारची हजेरी घेणारा नव्हता. राजा हिंदु, शेजारी हिंदु. ज्याचा ख्रिस्ती धर्म केवळ भीतीनें चिकटलेला होता त्याला तो खाडींत सोडून देण्यास कोणाची आडकाठी होती? उलट, सोडला असता तर सोयरीक सोपी झाली असती, पंक्तीला बसतां आलें असतें. तरी बहुतेकांनीं तो सोडला नाहीं. संध्याकाळीं दिव्यापाशीं तेर्स म्हटला गेला, मुलांना संतांचीं नांवें मिळत राहिलीं, अंगणांत खुरीस उभा राहिला. आणि त्या खुरसाच्या चौथऱ्याची घडण पुष्कळ ठिकाणीं तुळशीवृंदावनाच्या वळणाची आहे, हें पाहून त्या जाहीरनाम्याच्या लेखकांना काय वाटलें असतें, असा विचार मनांत येऊन थोडें हसूंहि येतें. आपल्या पूर्वजांनीं कायदा खाडीच्या पलीकडे ठेवला, आणि देवाचा शब्द तेवढा बरोबर आणला. पाठीमागें सोटा घेऊन कोणी उभा नसतां तो त्यांनीं जपला, म्हणूनच तो त्यांचा स्वतःचा होता असें आपण म्हणूं शकतों.

त्यांच्या श्रद्धेला शब्दांचें दूध पाजणारा जो ग्रंथ गोव्यांत निर्माण झाला होता, त्याचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज येशूसंघी पाद्री थॉमस स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें, व पुढें १६४९ आणि १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. मराठी ओवींत रचलेल्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणारे लोक, दुसऱ्यांत तो तारणारा. सबंध ग्रंथाची मांडणीच वचन व त्याची पूर्ति अशी आहे; आज्ञांची यादी हा त्याचा कणा नव्हे. त्या जुन्या छापील आवृत्तींची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं तो ग्रंथ पुन्हां छापला तो हस्तलिखितांवरून. म्हणजे छापील प्रती नाहींशा झाल्या तरी कोणीतरी घरीं बसून, दिव्याच्या उजेडांत, हजारों ओव्या हातानें उतरून ठेवल्या होत्या. असें करण्याची आज्ञा कोणत्याहि धर्मसभेनें काढलेली नव्हती.

असाच दाखला समुद्रापलीकडचा आहे. आपले शेजारी, बाणावलीचे संत जोसेफ वाझ, १६८७ सालीं सिंहलद्वीपांत उतरले. डचांनीं १६५८ मध्यें जाफना घेतल्यापासून तेथें कॅथॉलिक पाद्र्यांस बंदी होती. ना मिस्सा, ना कुमसार, ना सणाची आज्ञा. तरी भिकाऱ्याच्या वेषांत, गळ्यांत जपमाळ घालून हिंडणाऱ्या या गोमंतकीयाला ओळखून दार उघडणारीं घरें निघालींच. १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें त्यांना संत म्हणून घोषित करण्यांत आलें, तेव्हां तो मान त्या घरांचाहि होता असें आम्ही मानतों.

आणि आज? आज आपल्याला धर्मन्यायालयाची भीति नाहीं. आज नियमावर भिस्त ठेवण्याची आपली रीत अधिक सौम्य व म्हणून अधिक फसवी आहे. शुक्रवारचेंच पाहा. प्रभूच्या मरणाचें स्मरण म्हणून त्या दिवशीं मांस वर्ज्य. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशीं काय होतें? सुरमईची आमटी, तळलेलीं पापलेटें, वर सोलकढी! नियम अक्षरशः पाळला गेला. त्याग मात्र ताटांत कोठेंच नव्हता. पोप सहावे पॉल यांनीं १९६६ सालीं 'पेनितेमिनि' या आज्ञापत्रानें त्या त्या देशाच्या बिशपांस असा अधिकार दिला कीं, या वर्जनाऐवजीं प्रार्थना किंवा दानधर्माचें कृत्य नेमून द्यावें. आपल्या बाजूला त्याची आवश्यकता इतरांहून अधिक होती, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

हें एक वेळ हसण्यावारी नेतां येईल. परंतु नियमाचा जेव्हां व्यवहार होतो, तेव्हां हसूं येत नाहीं. नऊ शुक्रवार केले, नोव्हेना चुकविला नाहीं, सणाची वर्गणी वेळेवर दिली. आतां देवानें होडी सांभाळावी, मुलाला आखातांत नोकरी लावावी. आणि होडी गेली, तर 'आम्हीं काय कमी केलें होतें?' असा प्रश्न. १६ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलें. माड पडले, छपरें उडालीं, होड्या फुटल्या. वादळानें कोणाची धर्मनिष्ठा विचारली नाहीं. शिलोहाच्या बुरुजाखालीं मेलेले अठराजण इतरांहून अधिक पापी नव्हते, असें प्रभूनें स्पष्टच सांगितलें आहे. ज्यानें देवाशीं करार केला होता, त्याच्या दृष्टीनें त्या दिवशीं करार मोडला, व त्यांतील कित्येकांची श्रद्धाहि त्या दिवशींच गेली. ज्याला ठाऊक होतें कीं देवानें होडीचें वचन कधींच दिलेलें नव्हतें, स्वतः सोबत राहण्याचें दिलें होतें, तो रडला, आणि दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याचें छप्पर शाकारावयास गेला. दोघेहि आपल्याच बाकांवर बसणारे होते.

तर मग सत्कर्मांची गरज नाहीं काय? असा सोयीस्कर अर्थ काढणारे प्रत्येक शतकांत निघतात. 'देवावर विश्वास आहे ना, मग झालें,' असें म्हणून भावाशीं बांधाच्या चार हातांसाठीं वर्षानुवर्षें न बोलणारे गृहस्थ आपल्या धर्मग्रामांतहि नाहींत असें नाहीं. त्यांनीं संत याकोबाचें पत्र उघडावें. आब्राहामाचेंच उदाहरण घेऊन तो सांगतो कीं, कृतीवांचून विश्वास निर्जीव आहे. त्रिदेंतच्या धर्मसभेनें १३ जानेवारी १५४७ रोजीं दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या: विश्वास हा तारणाचा आरंभ व मूळ, तो आपल्या कमाईनें मिळत नाहीं, परंतु मूळ जिवंत असेल तर फळ धरलेंच पाहिजे. ज्या प्रश्नावरून पश्चिमेकडील ख्रिस्ती लोक दुभंगले, त्याच प्रश्नावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं आउग्सबुर्ग येथें कॅथॉलिक व ल्यूथरपंथी पुढाऱ्यांनीं एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, व माणूस केवळ कृपेनें स्वीकारला जातो हें दोघांनींहि मान्य केलें. एवढेंच काय, पवित्र सभेचा १९८३ सालचा कायदेग्रंथ १७५२ कलमांचा आहे, आणि त्याच्या अगदीं शेवटच्या कलमांत आत्म्यांचें तारण हाच सभेचा सर्वश्रेष्ठ कायदा असल्याचें बजाविलें आहे. कायद्याचें पुस्तक स्वतःच्या मर्यादेची कबुली देऊन मिटतें, ही गोष्ट वकिलांना विचित्र वाटेल. आम्हांस ती फार आवडते.

२०२० सालच्या मार्चमध्यें महामारीमुळें देवळांचीं दारें बंद झालीं, तीं १६ नोव्हेंबरपर्यंत उघडलीं नाहींत. पुढच्या वर्षीं पुन्हां बंद होऊन ७ ऑक्टोबरला उघडलीं. रविवारच्या मिस्सेचें बंधनहि त्या काळांत शिथिल होतें. दारें उघडल्यावर बहुतेक लोक परत आले. कांहीं आले नाहींत. त्यांच्याविषयीं 'बंधन होतें म्हणूनच येत होते' असें बोललें जातें. तसें असेलहि. पण ज्यांना आपण आंत येण्यास लायक नाहीं असें वाटतें, असेहि कांहीं आहेत. कोणाचा विवाह देवळांत झालेला नाहीं, कोणाचा संसार मोडलेला आहे, कोणी दारूपायीं बदनाम झालेला आहे, कोणी कर्जापायीं वर्गणी थकविलेला आहे. सणाच्या दिवशीं ते येतात, पण मंडपाच्या कडेला, चपला न काढतां उभे राहतात, आणि बेसांव झाला कीं निघून जातात. नियम मोडले म्हणजे वचनहि गेलें, असें त्यांनीं धरून चाललें आहे. व आपणहि आपल्या वागणुकीनें त्यांना तसेंच शिकविलें आहे.

या पन्नास वर्षांचें बाप्तिस्म्याचें नोंदपुस्तक सध्यां देवघराशेजारच्या खोलींत टेबलावर ठेवलेलें आहे. तें चाळून पाहा. त्यांतील बहुतेक नांवें अशा बालकांचीं आहेत कीं ज्यांनीं त्या दिवशीं एकहि आज्ञा पाळलेली नव्हती. पाळण्याइतकी समजहि त्यांना नव्हती. तरी त्यांचीं नांवें लिहिलीं गेलीं, व त्यांतील एकहि नांव मागाहून कोणाला खोडतां आलेलें नाहीं. मंडपाच्या कडेला उभे राहणाऱ्यांचीं नांवेंहि त्याच शाईंत आहेत.

महोत्सव समितीनें त्या पुस्तकावरून, जे गांवांत असूनहि येत नाहींत त्यांची यादी वाडीवार तयार केली आहे. येत्या रविवारीं मिस्सेनंतर ती वाटून देण्यांत येईल, व दोघादोघांनीं मिळून प्रत्येक घरीं जावयाचें आहे. जाणारांस आमची एकच विनंति आहे: वर्गणीचीं पावतीपुस्तकें बरोबर नेऊं नयेत.